स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप कोल्हापुरात खपतील का? (स्पीड सोडून बोलूया)

राजारामपुरी_काउंटर:

आर्म प्रोसेसरवरचे (मोबाइलच्या चिपांच्या घराण्यातले, क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन त्यातलाच) विंडोज लॅपटॉप आता 'बघू पुढं' या सदरातले राहिलेले नाहीत. जून २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्स एलिट आणि एक्स प्लसवरची पहिली फळी आली. ती महाग होती, त्यामुळं इथं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आठ कोअरची साधी स्नॅपड्रॅगन एक्स जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये एसूसनं तीच घालून व्हिवोबुक १६ भारतात ६५,९९० रुपयांना आणला. म्हणजे आता हे मशीन त्याच कप्प्यात येऊन बसलंय जिथं इंटेलचे आय५ आणि एएमडीचे रायझन ५ विकले जातात. म्हणून हा धागा.

बेंचमार्कचे आकडे इथं टाकू नका, ते यूट्यूबवर ढिगानं आहेत. माझं म्हणणं असं आहे की कोल्हापुरात या मशीनचं भवितव्य प्रोसेसर ठरवणार नाही, त्याच्या यूएसबी पोर्टात काय लागतं ते ठरवणार. आपल्याकडं लॅपटॉप एकटा राहतच नाही. सीएच्या टेबलावर डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, उद्यमनगरच्या कारखान्यात सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या यंत्राची) केबल, सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन, गुजरीत सराफाकडं टॅग छापायचा बारकोड प्रिंटर, छापखान्यात फॉन्टचं लॉक.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आर्मवर थेट चालत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'प्रिझम' नावाचा थर त्या प्रोग्रॅमच्या सूचना चालता चालता आर्मच्या सूचनांमध्ये बदलतो आणि बदललेलं साठवून ठेवतो. म्हणून पहिल्यांदा उघडताना अडखळल्यासारखं होतं, नंतर बरं चालतं. पण ही सोय फक्त प्रोग्रॅमला. ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम) विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि गाभ्यात प्रिझमला प्रवेश नाही. ड्रायव्हर आर्म६४ (६४ बिट आर्म) साठीच बनवलेला लागतो. नसेल तर 'कंपॅटिबिलिटी मोड', 'रन ॲज ॲडमिन' वगैरे करून काही उपयोग नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि त्याला आर्म लॅपटॉप हातात असायचीही गरज नाही. ड्रायव्हरच्या फोल्डरमधली आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेली) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'मॅन्युफॅक्चरर' या कंसातल्या शीर्षकाखालच्या ओळीत 'एनटीएएमडी६४' असं असतंच. त्याच ओळीत पुढं 'एनटीएआरएम६४' असेल तर ड्रायव्हर बसेल. नसेल तर विषय संपला. ड्रायव्हर एकाच सेटअप फाइलमध्ये असेल तर ती सेव्हन-झिपनं सुटी करा, आयएनएफ आत मिळते.

आता ज्याच्या त्याच्या धंद्यातली यंत्रं सांगा.

आरटी_आठवतंय_का:

थोडा इतिहास, कारण हा प्रयोग पहिला नाही. २०१२ मध्ये विंडोज आरटी आलं, त्यात जुना प्रोग्रॅम चालायची सोयच नव्हती. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सर्फेस आरटीच्या साठ्यापोटी ९० कोटी डॉलर बुडीत दाखवले. २०१७ च्या अखेरीस स्नॅपड्रॅगन ८३५ वरचे लॅपटॉप जाहीर झाले, त्यांवर फक्त ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालायचे. ६४ बिटची सोय विंडोज ११ बरोबर २०२१ मध्ये आली. म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूनं गाडी खरंच पुढं सरकलीय.

ॲपलचं उदाहरण सगळे देतात. एम१ नोव्हेंबर २०२० चा, आणि जून २०२३ मध्ये मॅक प्रो बदलला तेव्हा इंटेलचा एकही नवा मॅक विक्रीत उरला नाही. म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांना बदलावंच लागलं. विंडोजमध्ये इंटेल-एएमडी आहेतच आणि राहणार आहेत. मग हजार रुपयांच्या आतलं टोकन विकणाऱ्यानं आर्मचा ड्रायव्हर लिहायचा कशासाठी? आर्म कंपनीचे प्रमुख २०२४ मध्ये म्हणत होते की पाच वर्षांत निम्मे विंडोज पीसी आर्मवर असतील. त्याच वर्षी तिसऱ्या तिमाहीत कॅनालिसच्या अंदाजानं स्नॅपड्रॅगन एक्सचे साधारण ७ लाख २० हजार पीसी गेले, म्हणजे जगाच्या बाजारात एक टक्कासुद्धा नाही.

हिशेबनीस_शाहूपुरी:

डीएससीचं मी सविस्तर लिहितो, कारण यात 'चालतं' आणि 'चालत नाही' असं दोन शब्दांत उत्तर नाही.

टोकनला दोन गोष्टी लागतात. एक, यूएसबीवर टोकन ओळखणारा ड्रायव्हर. दोन, आतलं सर्टिफिकेट वाचणारी डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडली जाणारी फाइल). टोकन लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते 'स्मार्ट कार्ड रीडर्स' या शीर्षकाखाली दिसलं तर ते सीसीआयडी (कार्ड रीडरचं सामाईक मानक) वर्गाचं आहे. त्याचा ड्रायव्हर विंडोजबरोबरच येतो, आर्मवरसुद्धा. पहिली पायरी पार. वेगळ्याच शीर्षकाखाली पिवळ्या त्रिकोणासह दिसलं तर कंपनीचा आर्म६४ ड्रायव्हर लागणार.

दुसरी पायरी जास्त फसवी. टोकनबरोबर येणारी डीएलएल एक्स६४ ची (६४ बिट इंटेल-एएमडीची) असते. ती एक्स६४ च्या प्रोग्रॅममध्ये प्रिझमखाली उचलली जाते. पण प्रोग्रॅम नेटिव्ह (थेट आर्मसाठीच बनवलेला) आर्म६४ असेल तर त्याला एक्स६४ ची डीएलएल उचलताच येत नाही, आणि एरर पण धड येत नाही. नुसती सर्टिफिकेटची यादी रिकामी दिसते. त्यामुळं असं होऊ शकतं की टोकनच्या स्वतःच्या मॅनेजरमध्ये सर्टिफिकेट दिसतंय, पासवर्ड घेतोय, आणि सही करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावच नाही. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'आर्किटेक्चर' हा कॉलम चालू करा. कुठला प्रोग्रॅम आर्म६४ आहे आणि कुठला एक्स६४ ते लगेच कळतं. सही करणारा प्रोग्रॅम एक्स६४ चाच बसवायचा, जावा लागत असेल तर जावासुद्धा एक्स६४ ची.

जीएसटीला ईएमसायनर आणि इन्कम टॅक्सला ईएमब्रिज, ही सहीची सॉफ्टवेअरं दोन्ही लोकल मशीनवर बसतात आणि ब्राउझर त्यांच्याशी बोलतो. म्हणून ब्राउझर नेटिव्ह असला तरी अडत नाही, या दोघांना टोकन दिसलं की झालं.

कुणाला फरक पडतो? प्रोप्रायटर दुकानदाराला नाही. त्याचं जीएसटी रिटर्न ईव्हीसीनं, म्हणजे ओटीपीवर जातं. कंपनी आणि एलएलपीला डीएससी सक्तीची आहे. आणि ऑडिट रिपोर्ट चढवणाऱ्या सीएला तर रोजच. म्हणून सीएच्या ऑफिसात मुख्य मशीन म्हणून सध्या नको. आर्टिकलशिपच्या पोरांना एक्सेल आणि टॅलीसाठी दिला तर चालेल.

मिरजकर_तिट्टी:

टॅलीचं नक्की काय?

हिशेबनीस_शाहूपुरी:

टॅलीप्राइम स्वतः ड्रायव्हर घालत नाही, लायसन्स इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट होतं, त्यामुळं ते प्रिझमच्या कक्षेत येतं. अडचण आजूबाजूला आहे. कुणी कस्टमाइज करून दिलेली टीडीएल (टॅलीला लावलेली जोड) एखादी बाहेरची डीएलएल हाक मारत असेल तर ती बघायला लागते. आणि एक्सेलमध्ये ओडीबीसीनं (डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यानं) डेटा ओढणाऱ्यांनी बिट जुळवावेत. आर्मवरचं ऑफिस एक्स६४ चे ॲड-इन स्वीकारतं, पण ३२ बिटचा जुना ॲड-इन अजिबात घेत नाही. हे इंटेलच्या ६४ बिट ऑफिसलाही लागू आहे, पण लोक खापर आर्मवर फोडणार.

उद्यमनगर_जॉबवर्क:

मशीन शॉपचं मी सांगतो. वरच्यांनी सीएनसीची केबल म्हटलंय, तिथं वाटतं तेवढी भीती नाही.

जुन्या फॅनुकला (सीएनसी चालवणाऱ्या कंट्रोलला) आरएस२३२ नं (जुन्या सिरियल केबलनं) प्रोग्रॅम टाकायचा तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागतो. एफटीडीआयच्या चिपला आर्म६४ ड्रायव्हर आहे, सिलिकॉन लॅब्सच्या सीपी२१० मालिकेलाही आहे. भानगड स्वस्तातल्या निळ्या केबलची आहे, ज्यात प्रोलिफिकची जुनी पीएल२३०३ किंवा तिची नक्कल असते. ती विंडोज ११ वर इंटेलमध्येसुद्धा चालत नाही, डिव्हाइस मॅनेजर थेट 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२' असं सांगतो. म्हणजे केबल बदलायचीच आहे, लॅपटॉप कुठलाही घ्या.

केबल बदलली तरी ट्रान्सफर होत नाही म्हणून आर्मला शिव्या घालण्याआधी वायरिंग बघा. मशीनकडच्या २५ पिनच्या कनेक्टरला २ आणि ३ पलीकडच्या ९ पिनच्या कनेक्टरच्या २ आणि ३ ला, ७ नंबर पलीकडच्या ५ ला. हे २-२, ३-३ सरळ दिसतं, पण २५ आणि ९ पिनमध्ये पाठवायची-घ्यायची पिन मुळातच उलटी असते, त्यामुळं क्रॉस आपोआप होतो. मशीनकडं ४-५ एकत्र, ६-८-२० एकत्र. लॅपटॉपकडं ७-८ एकत्र, १-४-६ एकत्र. सेटिंग साधारण ४८०० किंवा ९६०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, हँडशेक झॉन-झॉफ. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह हवं, नाहीतर कंट्रोल वाट बघत बसतो. आणि दोन्हीकडचा बॉड एकच असला पाहिजे, हे सांगायची गरज नसावी, पण निम्म्या तक्रारी तिथंच असतात.

खरी अडचण डिझाइनच्या मशीनवर. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड दोन्ही अधिकृतपणे विंडोज-आर्मवर सपोर्टेड नाहीत. चालवून बघणारे चालवतात, पण असेंब्ली फिरवताना काही बिघडलं तर कंपनी दार उघडणार नाही. कॅमचं (सीएनसीचा प्रोग्रॅम बनवणारं) सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबी लॉकवर) असेल तर डोंगलचा ड्रायव्हर आधी तपासा, बाकी सगळं नंतर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत डिझाइन आणि टूलरूमला हे मशीन देऊ नका. मालकाला, खरेदी विभागाला, क्वालिटीचे रिपोर्ट टाइप करणाऱ्याला द्या. ड्रॉइंग नुसतं उघडून बघायचं तर ऑटोकॅड वेब ब्राउझरमध्ये पुरतं.

छापखाना_महाद्वार:

आमच्या धंद्यात उत्तर 'नाही' असं आहे आणि काही वर्षं तेच राहील असं दिसतंय. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स, सगळं जुन्या फॉन्टवर बसलंय. लिपीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक असतं, म्हणजे परत ड्रायव्हर. शिवाय कीबोर्ड अडवून अक्षरं बदलणारी सॉफ्टवेअरं एक्स८६ ची (जुन्या ३२ बिट इंटेल-एएमडीची) असतात. ती दुसऱ्या एक्स८६ प्रोग्रॅममध्ये चालली तरी नेटिव्ह वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये घुसू शकत नाहीत. युनिकोडवाल्यांना अडचण नाही, विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड आहेच.

प्रिंटरबद्दल. नेटवर्कवरचा, वायफायचा, मोप्रिया किंवा एअरप्रिंट लिहिलेला कुठलाही प्रिंटर आर्मवर ड्रायव्हर न घालता चालतो, विंडोजचा आयपीपी (नेटवर्क छपाईचा सामाईक) ड्रायव्हर आपोआप लागतो. गोची कॅनॉन एलबीपी२९०० सारख्या यूएसबीच्या जुन्या लेझरची. आपल्याकडं हा प्रिंटर मरतच नाही. तो कॅप्ट नावाच्या कॅनॉनच्या खास भाषेत बोलतो, पानाचं चित्र लॅपटॉपनंच तयार करून द्यावं लागतं, म्हणून सामान्य ड्रायव्हर त्याला चालत नाही. दुसऱ्या पीसीला जोडून शेअर केला तरी तुमच्या लॅपटॉपला त्याचा ड्रायव्हर लागतोच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उपाय आहे. रास्पबेरी पायवर (छोट्या स्वस्त संगणकावर) कप्स (लिनक्सची छपाईची यंत्रणा) आणि 'कॅप्टड्रायव्हर' हा मुक्त ड्रायव्हर बसवायचा, प्रिंटर त्याला जोडायचा आणि कप्समधून नेटवर्कवर शेअर करायचा. मग लॅपटॉपला तो साधा आयपीपी प्रिंटर दिसतो. पण हे जमणाऱ्या माणसाला दुकानदाराचा सल्ला लागत नाही.

डॉट मॅट्रिक्सला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' निवडून इंग्रजी बिल निघेल. देवनागरी चित्र म्हणून जाते, ती त्यातून निघणार नाही.

पतसंस्था_सर्व्हर:

पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायट्या यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. जिल्ह्यात यांचा आकडा मोठा आणि इथं खरेदी एकगठ्ठा होते. यांचं सॉफ्टवेअर बहुतेक एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर (मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर) असतं, आणि एसक्यूएल सर्व्हरला विंडोज-आर्मचा सपोर्ट नाही. एकाच लॅपटॉपवर डेटाबेस आणि सॉफ्टवेअर असं एकमशिनी काम असेल तर विसरा.

डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असेल तर चित्र बदलतं. मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ आर्म६४ मध्ये मिळतो आणि जुना क्लायंट एक्स६४ चा असेल तर तो एक्स६४ च्याच ड्रायव्हरनं बोलतो. ब्राउझरवर चालणारी कोअर बँकिंग असेल तर काही प्रश्नच नाही, क्रोम मार्च २०२४ पासून नेटिव्ह आहे.

आता एक नेहमीचा सल्ला दिला जातो: 'ऑफिसात एक जुना इंटेल पीसी ठेवा, सगळी टोकनं त्याला लावा आणि लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपनं काम करा.' अर्धं बरोबर आहे. एक, त्या पीसीवर विंडोज प्रो लागतं, होममध्ये बाहेरून आत येऊ देत नाही. दोन, रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये त्या पीसीला लावलेलं स्मार्ट कार्ड टोकन दिसतच नाही. विंडोज सेशनमधल्या प्रोग्रॅमला तुमच्या समोरच्या लॅपटॉपचं कार्ड दाखवतो, पलीकडच्या पीसीचं लपवतो. म्हणून उलटं करा. सीसीआयडी टोकन आर्म लॅपटॉपला लावा, रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस' मध्ये 'स्मार्ट कार्ड्स' वर टिक करा आणि टोकनचं सॉफ्टवेअर पलीकडच्या इंटेल पीसीवर बसवा. डीएलएल तिथं चालते, लॅपटॉपला फक्त विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. टोकन पीसीलाच ठेवायचं असेल तर रिमोट डेस्कटॉप नको, स्क्रीन शेअर करणारं सॉफ्टवेअर वापरा, ते प्रत्यक्ष बसल्यासारखं सेशन दाखवतं.

हिशेबनीस_शाहूपुरी:

सर, हे सोनं आहे. यावर ऑफिसं ऑफिसं अडकून बसतात.

कॉलेजकट्टा:

सगळ्यांनी मिळून बिचाऱ्याला गाडलाच की ओ. एक गिऱ्हाईक विसरलात: ज्याच्या लॅपटॉपला चार्जर सोडून काहीच लागत नाही. कॉमर्स, बीसीए, कॉम्प्युटरची पोरं, शिक्षक, वकील, घरून काम करणारे. व्हीएस कोड, पायथन, गिट, लिब्रेऑफिस, ब्राउझर सगळं नेटिव्ह आहे. आणि ज्या कॉलेजात अजून टर्बो सी शिकवतात तिथं डॉसबॉक्स लागतो, तो पण चालतो, कारण तो स्वतःच अख्खा जुना पीसी उभा करतो. जगात भारी सोय.

पण शाखा बघून घ्या. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या पोरांनी घेऊ नये, कारण वर आलंय. कॉम्प्युटरवाल्यांनी व्हर्च्युअल मशीनचा विचार करावा. व्हर्च्युअलबॉक्स २०२५ च्या ७.२ आवृत्तीपासून विंडोज-आर्मवर बसतो, पण आत आर्मचंच लिनक्स चालतं. सरांनी दिलेली इंटेलची तयार इमेज उघडणार नाही. आणि व्हॅलोरंट हा गेम चालत नाही. हे शेवटचं कारण हसण्यावारी नेऊ नका, खरेदी बाप करतो पण नकार पोरगा देतो.

राजारामपुरी_काउंटर:

बरोबर बोललास भावा. पण तुझ्या यादीतल्या गिऱ्हाइकाला मी आर्म का घ्यायला सांगू? त्याच पैशात आय५ मिळतो आणि त्यावर सगळंच चालतं.

कॉलेजकट्टा:

बॅटरीसाठी. साठ-पासष्ट हजारांत जे इंटेल मिळतात त्यात एच मालिकेचे बरेच असतात, ४५ वॉटच्या वर्गातले. ते प्लगला जोरात पळतात, प्लग काढला की धापा टाकतात आणि पंखा कायम. स्नॅपड्रॅगन प्लग काढला तरी तेवढाच पळतो. इंटेलनं याला उत्तर म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० व्ही आणला, तो बॅटरीत तोडीस तोड आहे, पण किमतीत वरच्या मजल्यावर. म्हणजे आर्मला जागा आहे ती याच मधल्या पट्ट्यात.

गगनबावडा_पाऊस:

जाहिरातीतल्या बॅटरीच्या तासांवर जाऊ नका. ते तास बहुतेक व्हिडिओ चालवून मोजलेले असतात, आणि व्हिडिओ चिपमधला वेगळा भाग उलगडतो, मुख्य कोअर जवळपास झोपलेले असतात. दिवसभर प्रिझमखालचं सॉफ्टवेअर चालवलं तर अनुवादाचं काम कोअरवर पडतं. हिशोब साधा आहे: ५० वॅट-तासाची बॅटरी, सरासरी खर्च ६ वॅट धरला तर आठ तास, १० वॅट धरला तर पाच. स्वतःचा खर्च बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' द्या, गेल्या काही दिवसांचा वापर वेळेसकट निघतो.

पश्चिमेकडच्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर लाइटचा भरवसा नसतो, तिथल्या शाळा आणि ग्रामपंचायतीच्या कामाला हे मशीन खरंच शोभतं. यूएसबी-सीवर पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जिंग असतं, म्हणून पॉवर बँक चालते. मात्र पॉवर बँकेवर ६५ वॉट पीडी लिहिलेलं असावं, नुसतं 'फास्ट चार्जिंग' पुरत नाही. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॅट-तास. रूपांतरात पाचवा हिस्सा जातो, हाती साठच्या आसपास. एक पूर्ण चार्ज, बस्स.

सोल्डर_लक्ष्मीपुरी:

दुरुस्तीची बाजू. रॅम बोर्डावरच झाळलेली, वाढवता येत नाही. कोपायलट-प्लसच्या (मायक्रोसॉफ्टच्या एआय लॅपटॉपच्या शिक्क्याच्या) अटीमुळं किमान १६ जीबी असते हा त्यातल्या त्यात दिलासा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढल्यावर हा दिलासा किमतीत मात्र त्रास देणार, कारण इंटेलवाले ८ जीबीचं मॉडेल काढून दर खाली ठेवू शकतात, यांना तशी मुभा नाही. एसएसडी बहुतेक मॉडेलात बदलता येते, पण २२३०, २२४२ की २२८० हे उघडून बघितल्याशिवाय मागवू नका.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला खरा धक्का दुसरीकडं बसतो. त्याच्या पेनड्राइव्हमधलं हिरेन्स (दुरुस्तीची बूट डिस्क), क्लोन करायची टूलं, पासवर्ड काढायची टूलं, सगळी एक्स६४ ची आहेत आणि आर्म मशीनवर बूटच होत नाहीत. बूट मेन्यूत पेनड्राइव्ह दिसतो आणि निवडल्यावर परत मेन्यूत येतो. मशीन बिघडलेलं नसतं. आर्म६४ ची विंडोज आयएसओ मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २०२४ मध्ये डाउनलोडला ठेवली, पण तिच्यात बऱ्याच मॉडेलांचे टचपॅड, कीबोर्ड, वायफायचे ड्रायव्हर नसतात. इन्स्टॉलच्या पहिल्या स्क्रीनवर माउस हलत नाही आणि माणूस घाबरतो.

म्हणून नवं मशीन हातात आल्या आल्या, काही बिघडायच्या आधी, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयएसएम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन:' आणि पुढं पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. सगळे ड्रायव्हर तिथं उतरतात. पुढं फॉरमॅट करायची वेळ आली तर तेच ड्रायव्हर 'डीआयएसएम /इमेज' आणि '/ॲड-ड्रायव्हर' नं आयएसओतल्या बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विममध्ये भरायचे. बूट डॉट विम विसरलात तर टचपॅड इन्स्टॉल संपेपर्यंत चालणार नाही, यूएसबी माउस-कीबोर्ड जोडून काम भागवा. बिटलॉकरची रिकव्हरी की गिऱ्हाइकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना ते पण बघा. २४एच२ मध्ये खातं घातलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की नसेल तर डेटा गेला.

लिनक्स टाकून देतो असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. इंटेलवर एकच लिनक्स सगळ्या मशीनवर चढतं. स्नॅपड्रॅगनवर प्रत्येक मॉडेलची वेगळी डिव्हाइस ट्री (त्यातल्या हार्डवेअरचा नकाशा) लागते. जर्मनीतल्या टक्सेडो कंपनीनं असा लॅपटॉप जाहीर केला होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये तो प्रकल्प थांबवला.

मिरजकर_तिट्टी:

मग सप्टेंबर २०२५ ला जाहीर झालेल्या एक्स२ साठी (स्नॅपड्रॅगन एक्सच्या पुढच्या पिढीसाठी) थांबावं का? एनपीयू (एआयसाठीचा चिपमधला भाग) ८० टॉप्सचा म्हणतात.

आरटी_आठवतंय_का:

एक्स२ नं कोअर वाढतील, वेग वाढेल, टोकनचा ड्रायव्हर येणार नाही. आणि एनपीयूचा आकडा बघून लॅपटॉप घेणारा गिऱ्हाईक राजारामपुरीत अजून यायचाय. जास्त उपयोगाची बातमी वेगळी आहे: प्रिझममध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ (इंटेल-एएमडीच्या जादा सूचना) यांची भर पडली. आधी 'या प्रोसेसरवर एव्हीएक्स नाही' म्हणून जे प्रोग्रॅम उघडतच नव्हते त्यातले बरेच आता उघडतात. त्यामुळं कुठलाही जुना रिव्ह्यू वाचताना तारीख बघा, आणि दुकानातला पीस डेमोला लावण्याआधी विंडोज अपडेट पूर्ण करा.

राजारामपुरी_काउंटर:

आता दुकानाच्या बाजूनं. या मशीनचा धोका बिघाडाचा नाही, परतीचा आहे. गिऱ्हाईक घरी जाऊन प्रिंटर लावतो, चालत नाही, दुसऱ्या दिवशी खोका परत. सील तुटलेला पीस कंपनी घेत नाही, तो दुकानदाराच्या गळ्यात. म्हणून दुकानदार आर्मचं नाव काढत नाहीत, विचारलं तर 'त्यापेक्षा हा बघा' म्हणून आय५ पुढं सरकवतात. मार्केटिंगनं हे बदलणार नाही.

ज्यांना विकायचाच आहे त्यांनी एक पीस काउंटरवर उघडा ठेवावा, शेजारी चार पोर्टचा यूएसबी हब. गिऱ्हाइकाला सांगायचं, घरचं जे काही जोडता ते घेऊन या. प्रिंटर उचलून आणायची गरज नाही, मॉडेल नंबर पुरतो. टोकन आणि डोंगल मात्र प्रत्यक्ष लावून, सही करून बघायचं, नुसतं ओळखलं म्हणजे झालं असं समजायचं नाही. आणि बिलावर मॉडेलसमोर 'आर्म प्रोसेसर, विंडोज ११ आर्म६४' असं स्पष्ट लिहायचं. खोक्यावर स्नॅपड्रॅगनचं स्टिकर असतं, पण ते बघून बहुतेकांना मोबाइलची चिप एवढंच कळतं.

हुपरी_चांदी:

सेवा केंद्र चालवणाऱ्या भावासाठी बघतोय. आधारचं अंगठ्याचं मशीन आहे, एल१ वालं. चालेल का?

पतसंस्था_सर्व्हर:

घेऊ नका. ते उपकरण नुसत्या ड्रायव्हरवर चालत नाही, त्याची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा आधारकडं सुरक्षित पाठवणारा प्रोग्रॅम) विंडोजमध्ये कायम चालू लागते आणि दोन्ही एक्स८६-एक्स६४ साठी बनवलेले असतात. उत्पादकानं आर्म६४ चं पॅकेज दिलं असेल तर आयएनएफ उघडून वर सांगितलेली ओळ शोधा. नसेल तर इंटेल किंवा रायझनच घ्या. केंद्राच्या कामाला तसंही दिवसभर प्लग असतो, बॅटरीचा फायदा मिळणार नाही.

हिशेबनीस_शाहूपुरी:

आणि भावाच्या नावानं धंद्यात घेणार असाल तर दोन गोष्टी. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, नोंदणी असेल तर बिलावर जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळतं. घसारा ४० टक्के, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच, म्हणजे २० टक्के. दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेला या निम्म्यात बसतो. गणपतीच्या सुमारास घेतला तर पूर्ण मिळतो.

हुपरी_चांदी:

बरं. आणि सेकंडहँड आर्म कमी भावात मिळतोय एक, तो घरच्या पोरीला बीसीएसाठी?

सोल्डर_लक्ष्मीपुरी:

आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये 'आर्म-बेस्ड प्रोसेसर' आणि रॅम किती ते बघा. ८ जीबीचा असेल तर तो आधीच्या पिढीतला, कितीही स्वस्त असला तरी नको. मग बॅटरी रिपोर्टमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' ताडून बघा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापा. जुन्या मालकाचं मायक्रोसॉफ्ट खातं त्याच्यासमोरच काढून घ्या, ड्रायव्हर एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या आणि मगच पैसे द्या.